नाळेवरची दोन बोटं

माझी नात नर्सिंग शिकते. परवा तिनं मला विचारलं, "आजी, तुझ्या ट्रेनिंगमधलं तुला सगळ्यात जास्त काय आठवतं?" तिला वाटलं असणार, मी पहिलं बाळंतपण सांगेन, नाहीतर पांढऱ्या साडीची पहिली घडी. मी म्हणाले, "पाय." ती हसली, पण मी खरंच सांगत होते. त्या दोन वर्षांतली, आणि माझ्या बाबतीत अडीच वर्षांतली, पहिली आठवण पायांचीच आहे. सकाळी सहाला वॉर्डात उभं राहायचं ते दुपारी दोनपर्यंत, मग जेवून पुन्हा वर्गात, आणि वर्गातही सिस्टर आत आल्या की उभं. संध्याकाळी आम्ही चौदाजणी हॉस्टेलच्या ओट्यावर ओळीनं बसायचो आणि बादलीतल्या मिठाच्या पाण्यात आळीपाळीनं पाय बुडवायचो. बोलायला कुणाला जोर नसायचा. आज इतक्या वर्षांनी गुडघे बोलतात तेव्हा मला ती बादली दिसते.

दवाखाना तालुक्याच्या गावी होता. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं गेली, पण त्यांची मुलंबाळं आहेत आणि मला कुणाशी भांडायचं नाही. हॉस्टेल म्हणजे दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या आणि एक पत्र्याचं स्वयंपाकघर. रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायची तेव्हा. तिच्या भाकरी थापताना कडेनं फुटायच्या आणि खाल्ल्यावर दुपारभर घशाशी राहायच्या. वरण इतकं पातळ की ताटलीचं कल्हई उडालेलं बूड खालून दिसायचं. रविवारी कुणाच्या घरून ठेच्याची बरणी आली की तिच्यावर पहारा लागायचा. आवाज म्हणाल तर दिवसभर स्टोव्हचा. चिमटे, कात्र्या, सुया, रबरी हातमोजे, सगळं उकळायचं ते रॉकेलच्या स्टोव्हवर, आणि त्याचा तो एकसुरी फरफराट कानात इतका बसला होता की तो बंद पडला की आम्ही दचकून बघायचो.

आता नियम सांगते, कारण सगळी गोष्ट त्या नियमांची आहे. प्रत्येकीला एक वही दिलेली असायची, खाकी पुठ्ठ्याची. तीत स्वतःच्या हातानं केलेली वीस बाळंतपणं लिहायची आणि प्रत्येकाखाली सिस्टरची सही घ्यायची. वीस सह्या भरल्या नाहीत तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे. प्रात्यक्षिकात नापास झालं तर सहा महिने मागच्या बॅचमध्ये बसायचं. दुसऱ्यांदा नापास झालं तर नाव कमी, ट्रंक उचलायची आणि घरी जायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळी आमच्याकडच्या बाया दवाखान्यात बाळंत व्हायला येतच नसत. पहिलं बाळंतपण माहेरी आणि बाकीची सासरी, सुईणीच्या हातानं. दवाखान्यात यायची ती अडलेली, आणि अडलेली बाई शिकाऊ पोरींच्या वाट्याला कोण येऊ देतं? त्यामुळे वीस बाळंतपणं जमवताना आमचा जीव मेटाकुटीला यायचा. फाटकाशी बैलगाडी थांबली की आम्ही खिडकीतून आधी गाडीतल्या बाईचं पोट बघायचो आणि मग तिचा चेहरा. हे लिहायला आज लाज वाटते.

मी बीबी गावाच्या अलीकडच्या एका खेड्यातली. आम्ही माळी. वांगी, मिरची, कांदे, मेथी, आणि लोणारच्या बाजारात नेऊन ती विकायची. घरात दादा म्हणजे माझे वडील, माय, थोरला भाऊ, वहिनी, आणि दादांची विधवा बहीण गंगाआत्या. आमच्या घरात बोलण्याचा आवाज कमी आणि कामाचा जास्त. पहाटे मोटेचं चाक करकरायला लागायचं, त्याच्यामागे मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, आणि अंगणात आत्या अंबाडी निवडत बसलेली. आत्या गावची सुईण नव्हे, म्हणजे तो काही तिचा वंशाचा धंदा नव्हता, पण तिचा हात चांगला म्हणून बाया तिलाच बोलवायच्या. ती कामाला निघाली की आधी हात राखेनं घासायची, मग लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं, आणि जाताना कुणाशी एक शब्द बोलायची नाही.

वहिनीला पहिली मुलगी झाली ती आमच्याकडेच. तिची आई नव्हती, त्यामुळे माहेरी पाठवायचा प्रश्नच आला नाही. तेव्हा मी सातवी पास होऊन घरी बसलेली. माय म्हणाली, बिनलग्नाच्या पोरीनं त्या खोलीत जाऊ नये. आत्या म्हणाली, "काऊन? तिले बाळंत नाही व्हा लागत काय पुढं? येऊ दे तिले." मी आत गेले. भर दुपार होती, कौलातून उन्हाचा एक पट्टा बाजेवर पडलेला. बाळ झालं, आत्यानं ते वहिनीच्या पोटावर ठेवलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसलं, आणि मग ती नुसती बसून राहिली. मला वाटलं, आता काहीतरी कापायचं असतं ना? आत्यानं माझा हात धरला आणि माझी दोन बोटं नाळेवर ठेवली. नाळ गरम होती आणि आत ठोके पडत होते, भराभर.

"लागते का ठोका?"

"हाव."

"मंग अजून मायचं रगत लेकराले जाऊन राह्यलं. तो बंद झाला की नाळ ढिली पडते, पांढरी व्हते. तवर हात नाही लावायचा. घाई कायची?"

मी बोटं ठेवून बसले. ठोके हळू झाले, लांबले, आणि एकदा मी पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहिले तो आलाच नाही. तेव्हाही आत्या हलली नाही. वार पडेपर्यंत ती तशीच थांबायची. आधी कापली तर वार वर चढते, असं ती म्हणायची. शेवटी तिनं नाळ बांधली आणि विळ्यानं कापली. हो, विळ्यानं. आत्याचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणत नाही.

मला ट्रेनिंगला पाठवायचा हट्ट तिचाच. दादांना स्थळं येत होती. आत्या म्हणाली, "दोन वर्सं दे तिले. माह्यासारखं अंगठ्यानं जगू नोको देऊ." दादांनी दोन वर्षं दिली, आणि भावकीला सांगून टाकलं की पोरगी पास होऊन आली तर नोकरी, नाहीतर त्याच उन्हाळ्यात लग्न. जे स्थळ धरून ठेवलं होतं तो माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे माझं आयुष्य म्हणजे त्याच्या वावरात खुरपं, हे मला स्वच्छ दिसत होतं. मला खुरप्याचा कंटाळा होता. कामाचा नव्हता, खुरप्याचा होता.

दोन वर्षं सरत आली तेव्हा माझी वही भरली होती. वीस बाळंतपणं, वीस सह्या. आमच्या सोनवणे सिस्टर उंच, काटक, कमी बोलणाऱ्या. प्रत्येक बाळंतपणात त्या माझ्या डाव्या खांद्याशी उभ्या असायच्या आणि बाळ बाहेर आलं की म्हणायच्या, "चिमटे लाव. काप." मी दोन चिमटे लावायची आणि कापायची. वीस वेळा त्या म्हणाल्या, वीस वेळा मी कापलं. पुस्तकातही तेच होतं. बाळ जन्मताच नाळ बांधावी व कापावी. मला ते पाठ होतं. लेखी परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

प्रात्यक्षिकाला नागपूरहून डॉक्टरीण बाई आल्या. गोल चेहरा, जाड भिंगाचा चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ. परीक्षेचा नियम असा की सिस्टरनी खोलीत हजर राहायचं पण तोंडातून शब्द काढायचा नाही. माझा नंबर लागला आणि नेमकी तेव्हाच एक तिसऱ्या खेपेची बाई गाडीतून आली. चारजणींच्या परीक्षा नुसत्या बाहुलीवर झाल्या होत्या. मला खरी बाई मिळाली म्हणून बाकीच्या हळहळल्या. दुपारचे तीन वाजले असतील. सगळं सुरळीत झालं. मी हात धुतले ते मोजून पाच मिनिटं, हातमोज्यांना पावडर लावली, ट्रे मांडला. बाळ आलं, रडलं. मी ते पुसलं आणि डाव्या खांद्याशी आवाज येण्याची वाट पाहिली.

आवाज आला नाही. सिस्टर भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. आणि माझ्या हाताला जे सगळ्यात आधी शिकवलं होतं ते त्यानं आपणहून केलं. दोन बोटं नाळेवर गेली आणि मी ठोके मोजत बसले. मला कळतही नव्हतं की मी काही चुकतेय. खोलीत इतकं शांत होतं, बाळ इतकं गुलाबी होत चाललं होतं, की मला वाटलं सगळं छान चाललंय.

"कशाची वाट पाहते आहेस?" बाई म्हणाल्या.

मी दचकले, चिमटे उचलले, कापलं. बाईंनी घड्याळात बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, रागावून नव्हे, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

माझ्या डोळ्यांसमोर आत्या आली, राखेनं हात घासणारी. आणि मी म्हणाले, "कुणी नाही बाई. चुकलं."

निकालात माझ्या नावापुढे लाल रेघ होती.

मी आठ दिवस घरी गेले. एसटीनं बीबीला उतरून तिथून चालत. दादांनी मिरचीचं पोतं शिवता शिवता एकदा मान हलवली आणि म्हणाले, "सहा महिने अजून. त्याच्यापुढं नाही." मायनं मला आवडतात म्हणून चकोल्या केल्या, वर तुपाची धार. मी त्या ताटात तशाच ठेवल्या. संध्याकाळी आत्या माझ्याजवळ येऊन बसली.

"कायच्यात गेली व?"

मी काय सांगणार होते? की तू शिकवलंस त्यात गेले? मी म्हणाले, "इंजेक्शनात."

आत्यानं बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या तळहाताला भेगा होत्या, त्या पोलक्याला अडकायच्या. मग ती म्हणाली, "इंजेक्शन मले येत नाही माय. नाहीतं तुले घरीच शिकवलं असतं."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले आहे. नोकरीत बोलावं लागतं, नातेवाइकांना तर बोलावंच लागतं. पण ते एक वाक्य मला अजून झोपू देत नाही.

पुढचे सहा महिने कसे गेले ते सांगण्यासारखं काही नाही. मागच्या बॅचच्या पोरी मला ताई म्हणायच्या आणि मला ते टोचायचं. तेच धडे, तीच लाल भाकरी, तीच बादली. थकवा असा मुरला होता की मी उभ्या उभ्या पेंगायची. सोनवणे सिस्टर रोज दुपारी मला एकटीला बोलवायच्या. बाहुलीच्या पोटाला बँडेजची नाळ शिवलेली असायची. मी ती चिमट्यात धरायची, कापायची. त्या पुन्हा शिवायच्या. पाचपंचवीस वेळा झालं की त्या म्हणायच्या, "पुरे. जा, पाय टेकव." एकदा मी विचारलं, "सिस्टर, जरा थांबलं तर काय होतं?" त्या म्हणाल्या, "मला जे शिकवलं ते मी शिकवते. तुला पास व्हायचं आहे ना?"

त्याच दिवसांत एक आठ दिवसांचं बाळ आलं, धनुर्वातानं जबडा बसलेलं, धनुष्यासारखं ताणलेलं. नाळ विळ्यानं कापलेली, वर शेण लावलेलं. दुसऱ्या दिवशी ते गेलं. ते आमच्या गावचं नव्हतं, आमची आत्या शेण लावत नसे, पण मी आत्यावर मनातल्या मनात इतकी चिडले की मला सगळंच एक वाटायला लागलं. विळा, राख, दोन बोटं, थांबणं, सगळं अडाणीपण. तसं वाटून घेणं सोयीचंही होतं. त्यानंतर बाहुलीवर माझा हात अडला नाही.

दुसऱ्या परीक्षेला पुन्हा त्याच डॉक्टरीण बाई आल्या. या वेळी एक पहिलटकरीण होती, सतरा-अठराची, माझ्यापेक्षाही लहान, आणि फार दमलेली. बाळ आलं ते निळसर, सुस्त. रडेना. माझी बोटं सवयीनं नाळेवर टेकली. ठोका होता, चांगला जोरात होता. आईकडून अजून येत होतं. मला ते कळत होतं, म्हणजे डोक्याला नव्हे, बोटांना. सिस्टर भिंतीशी उभ्या होत्या. बाईंचं घड्याळ मला दिसत होतं. मी बोटं उचलली, चिमटे लावले आणि कापलं. मग बाळाला उचलून पाठ चोळली, तोंड पुसलं, तळवे चोळले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी ते रडलं, बारीक.

"या वेळी बरं केलंस," बाई म्हणाल्या. त्यांनी काही विचारलं नाही.

पास होऊन घरी गेले तेव्हा दादांनी लोणारहून पेढे आणले. भाऊ मला हाक मारताना उगाचच "नर्सबाई" म्हणायला लागला. आत्या सगळ्यात शेवटी जवळ आली. तिनं माझी खाकी वही मागितली. वाचता येत नव्हतं, तरी पानं उलटली, सह्यांवरून बोट फिरवलं.

"आता मले सांग," ती म्हणाली, "तुमी नाळ कवा कापता?"

"लगेच."

"ठोका चालू असताना?"

"हाव."

"वार वर नाही चढत?"

"नाही चढत आत्या."

तिनं वही मिटली आणि पदरानं पुसली, तिला काही लागलेलं नसताना. "मंग मी इतके वर्सं उगाच बसून राह्यली म्हन," ती म्हणाली. "पुस्तकात असंन तं बरोबरच असंन." मी तिला नवं ब्लेड दिलं, उकळून घ्यायचं सांगितलं. तिनं ते कनवटीला लावलं. पण त्यानंतर ती फारशी कुणाकडे गेली नाही. बोलावणं आलं की म्हणायची, "आता आमच्या घरची शिकलेली हाय, तिले बोलवा." मी लांब उपकेंद्रात असायची. बाया तरी कुठून बोलावणार? चार वर्षांनी ती गेली. मी तिला खरं कधी सांगितलं नाही.

मी पुढे चौतीस वर्षं नोकरी केली. शेवटची काही वर्षं तर मीच शिकवायची, मीच वह्यांवर सह्या करायची आणि परीक्षेत भिंतीशी हाताची घडी घालून उभी राहायची. खेड्यापाड्यातून आलेल्या पोरी. त्यातल्या दोघी-तिघींची बोटं मी नाळेवर जाताना पाहिली. मी ओळखलं. तरीही मी त्यांच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही. बोलायची मनाई होती, हे खरं. परीक्षा संपल्यावर नव्हती, हेही खरं.

परवा नात परीक्षेची तयारी करत होती. त्यांची पद्धत आता निराळी. एक छापील कागद असतो, प्रत्येक पायरीसमोर चौकट, आणि प्रत्येक चौकटीला गुण. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मी सांगते, तू टिक कर." ती खोलीत येरझारा घालत सांगू लागली. हात धुणे. ट्रे मांडणे. बाळ आईच्या पोटावर ठेवणे, पुसणे. आणि मग म्हणाली, "नाळेचा ठोका थांबेपर्यंत वाट पाहणे. घाईनं कापल्यास गुण नाहीत."

माझा पेन थांबला. मी म्हणाले, "पुन्हा सांग." तिनं पुन्हा सांगितलं. मी कागदावर वाचलं. तेच छापलं होतं.

"बाळाला आईचं रक्त मिळतं ना त्या वेळात," ती म्हणाली. "आता नवीन आलंय हे. पण आजी, ठोका थांबला ते नक्की कळतं कसं? मॅडमनी नुसतं वाचून दाखवलं."

मी तिला जवळ बसवलं. तिचं मनगट धरलं, तिची दोन बोटं त्याच्यावर ठेवली आणि सांगितलं की आधी भराभर लागतो, मग लांबतो, मग आपण पुढच्याची वाट पाहत राहतो आणि तो येत नाही. तेव्हा नाळ ढिली पडते, पांढरी होते. तोवर हात लावायचा नाही. घाई कसली?

ती माझ्याकडे बघायला लागली. "पण तुमच्या वेळी तर लगेच कापायचे. तुला हे कुणी शिकवलं?"

"गंगाआत्यानं," मी म्हणाले, आणि तिला नीट ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.